कादंबरीतल्या एका ओळीतून पायघोळ झगा : नवख्यांसाठी बेतण्या-शिवण्याचे मार्गदर्शन

मराठीत ‘गाऊन’ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे घरात वावरताना घालायचा सैल कपडा येतो. या लेखात अभिप्रेत आहे तो अद्भुतरम्य कादंबऱ्यांतल्या राण्या, चेटकिणी आणि परागंदा राजकन्या घालतात तसा, खांद्यापासून जमिनीपर्यंत उतरणारा घेरदार झगा. ज्यांना मशीनवर सरळ टीप मारता येते, उशीचा अभ्रा किंवा साधा स्कर्ट शिवून झाला आहे, पण अंगाबरोबर बसणारा कपडा अजून स्वतः बेतलेला नाही, अशा वाचकांसाठी हे मार्गदर्शन आहे. नवखी मंडळी आपला बहुतेक वेळ मणी, लेस आणि भरतकाम यांच्या विचारात घालवतात. झगा फसतो तो मात्र कापडाची निवड, मुंढा (बाही जोडायचे काखेभोवतीचे तोंड) आणि तळाची दुमड या तीन ठिकाणी, म्हणून या लेखातही त्याच तिघांना जास्त जागा दिली आहे.

पुस्तक पुन्हा वाचावे, या वेळी शिंप्याच्या नजरेने

पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचे चित्र समोर ठेवून झगा शिवू नये. ते चित्र चित्रकाराने काढलेले असते. त्यात शिवण कुठे आहे, बंद कुठे आहेत, हा झगा अंगात घालायचा कसा, यांपैकी कशाचेच उत्तर नसते. त्याऐवजी मजकुरातली वस्त्राविषयीची सगळी वाक्ये एका वहीत उतरवून घ्यावीत आणि त्यांतून एकच वाक्य निवडावे. बाकीची वाक्ये त्या एकाला विरोध करत नाहीत ना, एवढेच पाहायचे.

उदाहरण म्हणून या लेखापुरती एक ओळ मी रचली आहे : ‘ती जिना उतरली तेव्हा झगा तिच्यामागून पायरीपायरीने उतरत आला, जणू बुडालेल्या शहरातले पाणी तिला सोडायला तयार नव्हते.’ या ओळीत रंगाचे नावही नाही, तरी शिवणाऱ्याला हवे ते जवळजवळ सगळे आहे. कापड पायरीवर क्षणभर थांबून मग खाली येते, म्हणजे ते जड आहे. शिफॉन किंवा जॉर्जेट पायरीवर थांबत नाही, ते तरंगते. झगा तिच्या मागे येतो, म्हणजे पाठीकडे जमिनीवर लोळणारा घोळ आहे. पाण्याची उपमा आहे, म्हणजे चालताना रंग हलला पाहिजे; तो गुण मखमलीत असतो, कारण तिची लव प्रकाश एका बाजूने शोषते आणि दुसऱ्या बाजूने परत फेकते. हिरे-माणकांचा उल्लेख नाही, तेव्हा ती लावायची नाहीत. एवढ्या विचारातून कापड, घेर आणि पाठीची लांबी या तीन गोष्टी ठरल्या.

साहित्यातली व्यक्तिरेखा वस्त्रात कशी आणावी याचा उत्तम दाखला १८८८ सालचा आहे. एलन टेरी या अभिनेत्रीने शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकातल्या लेडी मॅकबेथच्या भूमिकेत घातलेला हिरवा झगा अ‍ॅलिस कॉमिन्स कार यांच्या कल्पनेतून आला होता. लोखंडी कड्यांच्या चिलखताचा भास व्हावा आणि त्याच वेळी सापाच्या खवल्यांचीही आठवण यावी, हे त्यांना साधायचे होते; म्हणून झगा सुईने शिवलेल्या कापडाचा न करता क्रोशाने विणला गेला आणि त्यावर चमकदार हिरव्या भुंगेऱ्यांच्या पंखांची कवचे टाके घालून बसवण्यात आली. पुढच्याच वर्षी जॉन सिंगर सार्जंट यांनी त्या वेशातले तिचे चित्र रंगवले, आणि तो झगा आजही जतन करून ठेवलेला आहे. नाटकात कुठेही भुंगेरे नाहीत. तरीही साप आणि चिलखत या दोन कल्पनांना साजेसे साहित्य सापडल्यामुळे झगा त्या व्यक्तिरेखेचा झाला. आपल्याला शिकायचे ते एवढेच, भुंगेरे गोळा करायला निघू नये.

आकार ठरवणे : कळ्यांचा झगा

पहिल्या प्रयत्नासाठी मी खांद्यापासून जमिनीपर्यंत अखंड उतरणाऱ्या कळ्यांचा, म्हणजे खाली रुंदावत जाणाऱ्या उभ्या तुकड्यांचा झगा सुचवते. वरचा भाग वेगळा आणि घेर वेगळा असा कमरेत जोडलेला झगा सोपा वाटतो खरा, पण जड कापडाच्या चुण्या कमरेत जाड होतात आणि साध्या मशीनला त्या थरांतून जाणे अवघड होते. कळ्यांमध्ये सगळा आकार उभ्या शिवणींत येतो, आणि प्रत्येक शिवण ही माप सुधारण्याची एक जागा असते. ही पद्धत जुनी आहे : ग्रीनलंडमधल्या हेर्योल्फ्सनेस इथे १९२१ साली झालेल्या उत्खननात मध्ययुगीन लोकरीचे झगे मिळाले, त्यांत घेर याच पद्धतीने, खाली रुंदावत जाणाऱ्या तुकड्यांनी साधलेला आहे. अद्भुतरम्य कादंबऱ्यांचे जग बहुधा त्याच काळाच्या सावलीत वसलेले असते, त्यामुळे हा आकार तिथे परका वाटत नाही.

आपल्या झग्याचे सात तुकडे होतील : पुढचा मधला एक, त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन, पाठीच्या बाजूचे दोन आणि पाठीचे दोन. पाठीच्या मधोमध नाडी ओवायची आहे. चेनपेक्षा नाडी नवख्यांना अधिक सोयीची, कारण माप दोन-तीन सेंटिमीटर चुकले तरी ती सांभाळून घेते.

हिशेब प्रत्यक्ष आकड्यांनी पाहू. समजा कंबर ७२ सेंटिमीटर आहे. हालचालीसाठी त्यात ३ मिळवावेत आणि पाठीवर नाडीमागे उघडी राहणारी ५ सेंटिमीटरची फट वजा करावी, राहिले ७०. सात तुकड्यांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला कमरेत सरासरी १० सेंटिमीटर येतात. तळाचा घेर साडेतीन मीटर हवा असेल तर प्रत्येक तुकडा खाली ५० सेंटिमीटर रुंद हवा, म्हणजे कमरेपासून जमिनीपर्यंतच्या १०५ सेंटिमीटरांत तो दोन्ही बाजूंना वीस-वीस सेंटिमीटर पसरेल. कमरेखाली २० सेंटिमीटरवर, जिथे नितंबांचे माप घेतात तिथे, प्रत्येक तुकडा साधारण साडेसतरा सेंटिमीटर होतो आणि सगळे मिळून १२३ भरतात. नितंबांचे माप ९६ असले तरी झगा अडणार नाही. कमरेच्या वर छातीचे माप वाटताना मात्र समान वाटणी करू नये. छातीचा उभार बाजूच्या दोन पुढच्या तुकड्यांच्या शिवणीवर येतो, त्यामुळे जास्तीची रुंदी त्या शिवणीच्या दोन्ही कडांना द्यायची असते. अंगाला नीट बसणारा, घट्ट विणीच्या कापडाचा एखादा तयार कपडा जवळ असेल तर त्यावरून वरचा भाग उतरवून घेणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

यात एक बारकावा हमखास निसटतो. कळीची तिरपी कड तिच्या मधल्या उभ्या रेषेपेक्षा लांब असते. वरच्या उदाहरणात मधली रेषा १०५ आणि कड जवळजवळ १०७ सेंटिमीटर येते. तळ सरळ रेषेत कापला तर शिवल्यावर प्रत्येक शिवणीपाशी दोन सेंटिमीटरचे टोक लोंबते. म्हणून मेजपट्टी कमरेवर धरून ठिकठिकाणी १०५ वर खुणा कराव्यात आणि त्या जोडून तळ हलक्या कमानीत कापावा. पाठीच्या दोन तुकड्यांना घोळासाठी ३० ते ४० सेंटिमीटर लांबी वाढवावी आणि पाठीच्या बाजूच्या तुकड्यांत ही वाढ हळूहळू संपवावी.

कापड : पड, वजन आणि लव

कापड निवडताना ते गुंडाळीवर पाहू नये. एक मीटरभर मोकळे करून एका कोपऱ्याने उचलून धरावे. तफेता कडक घड्या घालून उभा राहतो, साटिन घसरत खाली येते, लिनन मोडल्यासारखे दुमडते आणि मखमल जड, गोल घड्यांत उतरते. याला आपण कापडाची पड म्हणू. निवडलेली ओळ मनात ठेवून पड पाहावी, रंग त्यानंतर. बर्फाच्या किल्ल्यातल्या व्यक्तिरेखेसाठी तफेता किंवा ऑर्गंझा योग्य ठरेल, वनवासिनीसाठी लिनन; आपल्या बुडालेल्या शहरासाठी मखमल.

वजनाचाही हिशेब आधीच करावा. ११० सेंटिमीटर पन्ह्याची मखमल या झग्याला बाह्यांसकट साडेआठ मीटरच्या आसपास लागते. चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाची मखमल घेतली तर नुसत्या कापडाचेच वजन पावणेतीन किलोच्या पुढे जाते, आणि अस्तर वेगळेच. हे सगळे ओझे खांद्यांवर टाकले तर अर्ध्या तासात गळा मागे ओढला जातो. उपाय साधा आहे : आत कमरेच्या रेषेवर जाड विणीची न ताणणारी फीत फक्त शिवणींना टाके घालून लावावी आणि पुढे किंवा मागे हुकाने घट्ट बंद करावी. मग झगा कमरेवर टेकतो आणि खांदे मोकळे राहतात. हलक्या कापडाची अडचण बरोबर उलटी असते. मारियानो फोर्तुनी या वेशरचनाकाराच्या बारीक चुण्यांच्या रेशमी झग्यांत बाजूच्या शिवणींवर काचेचे छोटे मणी ओवलेले असत. ते शोभेचे होतेच, शिवाय त्यांच्या वजनाने रेशीम अंगालगत खाली राहत असे. फार हलके कापड घेणाऱ्यांनी ही युक्ती जरूर वापरावी.

धुण्याजोगे कापड कापण्याआधी, पुढे ज्या पद्धतीने धुवायचे त्याच पद्धतीने एकदा धुऊन घ्यावे. आटायचे ते आधी आटू द्यावे.

मखमलीवर वरून खाली हात फिरवला की ती एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागते, ही तिची लव. लव वरच्या दिशेने ठेवली तर रंग गडद दिसतो, खालच्या दिशेने ठेवली तर उजळ. कोणतीही दिशा चालेल, पण सातही तुकडे आणि दोन्ही बाह्या एकाच दिशेने कापल्या पाहिजेत. माझ्या पहिल्या मखमली झग्यात कापड वाचवण्याच्या मोहाने मी डाव्या बाजूची एक कळी उलटी ठेवून कापली. रात्री दिव्याखाली शिवताना काहीच कळले नाही. सकाळी खिडकीशी धरला तेव्हा गडद निळ्या झग्यात एक फिकट पट्टा खांद्यापासून तळापर्यंत उभा होता. तो झगा अजून कपाटात आहे आणि अजून तसाच आहे. तेव्हापासून कापडाच्या उलट बाजूला प्रत्येक हातभर अंतरावर खडूने बाण काढल्याशिवाय मी कात्री हातात घेत नाही.

मांजरपाटाचा कच्चा नमुना

ही पायरी टाळणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांनी टाळलेला वेळ नंतर उसवण्यात जातो. स्वस्त मांजरपाटावर, तळाचा घेर थोडा आखडून का होईना, पूर्ण वरचा भाग आणि एक बाही कापावी. मशीनचा टाका सर्वांत लांब ठेवून जोडावी आणि उलट बाजू बाहेर ठेवून अंगात घालावी, म्हणजे शिवणी चिमटीत धरता येतात. कमरेची रेषा पेन्सिलने ठळक आखलेली असावी.

आरशात घड्या वाचायच्या. आडव्या रेघा पडत असतील तर तिथे कपडा घट्ट आहे. उभ्या लोंबत्या घड्या असतील तर सैल. तिरप्या रेघा जिथे जाऊन मिळतात तिथे दोष असतो, मग ते छातीचे टोक असो वा खांद्याची उतरण. घट्ट जागी शिवण उसवून फट किती पडते ते मोजावे, सैल जागी टाचण्या लावाव्यात, आणि प्रत्येक बदल लगेच कागदी बेतावर उतरवावा. दुसऱ्या दिवशी तो आठवत नाही.

त्यानंतर दोन्ही हात वर करावेत. सगळा झगा वर उचलला गेला, तर बहुतेक जण मुंढा आणखी खोल कापतात, आणि त्याने परिस्थिती बिघडते. मुंढा जितका खाली, तितकी बाही धडाला खाली जखडली जाते आणि हात उचलताच ती सगळा झगा वर ओढते. उपाय उलटा आहे : मुंढ्याचा तळ काखेच्या जवळ, साधारण दोन सेंटिमीटर खाली इतकाच ठेवावा. मांजरपाटावर मुंढा खोल झालाच असेल तर तिथे तुकडा जोडून वर आणावा आणि पुन्हा हात उचलून पाहावा. फरक तत्काळ कळतो. शेवटी खुर्चीवर बसून, वाकून आणि दीर्घ श्वास घेऊन पाहावे.

कापणे आणि शिवणे

कापडाच्या किनारीला समांतर जाणारा उभा धागा म्हणजे ताणा. प्रत्येक कळीची मधली रेषा त्याच्याशी समांतर ठेवावी. मखमल दुहेरी करून कापू नये, कारण दोन लवा एकमेकींवर सरकतात आणि खालचा तुकडा वेगळाच निघतो. एकेरी थरावर, डावा-उजवा तुकडा बेत उलटवून वेगवेगळा कापावा. शिवणीसाठी दीड सेंटिमीटर माया, म्हणजे टिपेबाहेर सोडायचे जास्तीचे कापड, पुरते, मात्र बाजूच्या शिवणींना अडीच ठेवावी. पुढे अंग भरले तर तीच कामाला येते. तळाला पाच सेंटिमीटर सोडावेत.

मशीनला ९० क्रमांकाची नवी सुई घालावी, टाका तीन मिलिमीटर ठेवावा आणि दाबपट्टीचा दाब कमी करता येत असेल तर करावा. उरलेल्या तुकड्यावर आधी टीप मारून पाहावी. मखमलीच्या शिवणी टाचण्यांवर भागत नाहीत. हाताने धावदोरा घालावा लागतो, आणि तोही दोन समांतर ओळींत, माशीएवढ्या टाक्यांनी. काम कंटाळवाणे आहे हे मान्य, पण एका कळीची शिवण तळापर्यंत जाताना एक कड दुसरीपेक्षा बोटभर लांब निघते तो अनुभव याहून वाईट असतो. टीप लवेच्या दिशेनेच मारावी.

क्रम असा ठेवावा. गळ्याच्या आणि मुंढ्याच्या कडेला मायेच्या आत एक टीप एकेरी थरावरच घालावी, म्हणजे हाताळताना त्या ताणत नाहीत. नंतर पुढचा मधला तुकडा बाजूच्या दोन तुकड्यांना जोडावा. छातीवरच्या वळणात मायेला छोट्या चिरा द्याव्यात, टिपेच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबून. मग पाठीचे तुकडे, खांदे आणि बाजूच्या शिवणी घ्याव्यात. पाठीच्या मधली शिवण कमरेखाली वीस सेंटिमीटरपर्यंत उघडी ठेवावी, नाहीतर झगा खांद्यांवरून आत जाणार नाही. प्रत्येक शिवण उघडून इस्त्री करायची ती उलट बाजूने, आणि खाली जाड टॉवेल किंवा त्याच मखमलीचा तुकडा लव वर करून अंथरायचा. सुलट बाजूवर इस्त्री टेकली की लव चेपते आणि तो ठसा जात नाही.

अस्तर याच बेतावर, याच क्रमाने शिवावे आणि गळ्यापाशी व पाठीच्या उघड्या कडांपाशी जोडावे. त्या कडांना अस्तर आणि झगा यांच्यामध्ये कॅनव्हासची पट्टी हवी, आणि आयलेटच्या, म्हणजे नाडी ओवायच्या भोकांच्या, रांगेच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकची एकेक लवचीक आधारपट्टी. ती नसेल तर नाडी ओढताच कड चुरगळून गोळा होते. आयलेट अडीच सेंटिमीटर अंतराने पाडावेत. फटीमागे झग्याच्याच कापडाची हातभर रुंद नव्हे, पण वीतभर तरी रुंद पट्टी एका बाजूला जोडून ठेवावी.

बाह्या

बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा दोन ते तीन सेंटिमीटर मोठा असतो. ही जास्तीची लांबी लांब टाक्यांच्या दोन ओळींनी किंचित गोळा करून वरच्या अर्ध्या भागात पसरवायची. चुण्या दिसता कामा नयेत. कोपरापर्यंत बाही अंगालगत आणि पुढे घंटेसारखी रुंद, तोंडाशी साठ-सत्तर सेंटिमीटर, अशी ठेवली तर हात खाली सोडल्यावर आतले अस्तर दिसते. म्हणून बाहीचे अस्तर हा रंगाचा दुसरा सूर समजावा. बुडालेल्या शहरासाठी मी फिकट शेवाळी साटिन घेईन.

तळ आणि घोळ

तळ कापून लगेच दुमडू नये. कळ्यांच्या तिरप्या कडा उरेबाकडे, म्हणजे कापडाच्या ताणल्या जाणाऱ्या तिरक्या दिशेकडे, झुकलेल्या असतात आणि स्वतःच्या वजनाने उतरतात, म्हणून झगा निदान एक पूर्ण दिवस टांगून ठेवावा. त्यानंतर जी पादत्राणे घालायची तीच घालून, आतली फीत कमरेत बांधून, सरळ उभे राहावे आणि दुसऱ्या व्यक्तीने जमिनीपासून पट्टी लावून खुणा कराव्यात. स्वतः वाकून खूण केली की झगाही वाकतो. पुढचा तळ जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर असावा. याहून लांब ठेवला तर पहिल्याच पायरीवर तो पायाखाली येतो. मखमलीचा तळ दुहेरी दुमडू नये. कडेला सुती उरेब पट्टीचा गोट लावून तो आत वळवावा आणि सैल हातशिलाईने असा धरावा, की सुलट बाजूला एकाही टाक्याचा खळगा दिसणार नाही. घोळाच्या भागात आतून धुता येईल असे जाड सुती कापड नुसत्या टाक्यांनी लावून ठेवावे; जमीन पुसण्याचे काम ते करील.

सजावट ठरवायची ती आता, झगा अंगात घालून तीन मीटर दूरच्या आरशात पाहिल्यावर. त्या अंतरावरून जे दिसत नाही ते करण्यात अर्थ नाही. गळ्याच्या कडेला जाड दोरा ठेवून बारीक आडव्या टाक्यांनी तो बसवत जाणे ही नवख्यांना जमणारी आणि दुरूनही वाचता येणारी पद्धत आहे. दाट भरतकाम हवेच असेल, तर मात्र त्याचा निर्णय कापण्याआधी घ्यावा लागतो, कारण ते कापडाला आवळते. अशी कळी आधी मोठी कापून, भरून, नंतर बेतावर ठेवून बरोबर करावी.

झगा ठेवताना खांद्यांवर टांगू नये. आतल्या कमरपट्टीला दोन लांब फीतफास शिवून त्यांवर तोलावा. घोळाच्या टोकालाही आतून एक फास असू द्यावा, गर्दीत तो मनगटात अडकवून घोळ उचलता येतो. पहिल्यांदा घालाल तेव्हा फास न वापरता एखादा रुंद जिना सावकाश उतरून पाहावा. प्रत्येक पायरीवर कापड थांबून मग खाली येते का, हे बघायला कुणाला तरी वरच्या पायरीवर उभे करावे लागेल, कारण उतरणाऱ्याला ते दिसत नाही.